डाव्या चाकाचा इतिहास

भवानी पेठ, सोलापूर
सोमवार सकाळ, चहाचा दुसरा कप

तीर्थस्वरूप काशम्माअक्का हिच्या पायाशी धाकटा भाऊ मल्लप्पा याचा साष्टांग शरणार्थी नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. गेल्या वर्षापासून मी खाली वाकलो की मला उठवायला दोन माणसं लागतात आणि त्यातलं एक माणूस हसतं. म्हणून आता सगळे नमस्कार मी कागदावरच घालतो.)

अक्का, तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? ते गुडघ्याला कुठलंसं तेल चोळायला लागलेत आणि त्या वासाने म्हैस गोठ्यात शिरायला तयार नाही, असं मागे तुझ्या सुनेकडून कळलं होतं. म्हैस आता शिरते का? शिरत नसेल तर तेल बदलावं, म्हैस बदलू नये. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी अडुसष्टचा झालो, पण कान अजून विशीतले आहेत, बाकीचं सामान तेवढं जुनं झालंय. तुला फोनच केला असता. पण तुझा फोन सून स्पीकरवर लावते, तू ओरडून बोलतेस, मग मीही ओरडून बोलतो. मागे मला मूळव्याध झाल्याचं तुला एकटीला म्हणून सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत वैरागच्या बाजारातून तीन अनोळखी माणसांनी मला औषधं कळवली. त्यातलं एक लागू पडलं हा भाग वेगळा. म्हणून पत्र.

आता कामाचं. येत्या रविवारी आपल्या ‘मल्लकाशी टायर वर्क्स’ला चाळीस वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी कारखान्यात एक दालन उघडायचं आहे, आपल्या टायरच्या इतिहासाचं. फीत तू कापायचीस. आणि तू एकटीने नाही, तू आणि महानंदाने मिळून, एकाच कात्रीने. आता हे वाचून तू पत्र बाजूला ठेवलं असशील, ते परत घे. चाळीस वर्षांत तू आमच्याकडे सुखदुःखाला आली नाहीस असं मी कधीच म्हणणार नाही. आलीस, जेवलीस, पोरांना खाऊ दिलास. फक्त माझ्या बायकोशी एक शब्द बोलली नाहीस. विरेशच्या लग्नात तुला ताक हवं होतं, तर तू मांडवाच्या खांबाकडे बघून म्हणालीस, “ताक असलं तर द्या म्हणावं.” महानंदानेही ताक नेऊन खांबापाशी ठेवलं. त्या दिवशी त्या खांबाला चार वेळा ताक मिळालं, मी मुलाचा बाप असून मला एकदाही नाही.

आणि हे सगळं त्या एका इरकली लुगड्यावरून. तो विषय मी या पत्रात मुळीच काढणार नाही. तू पंच्याऐंशी साली पंचमीला माहेरी आलीस, दाजींनी घेतलेलं हिरवं, तांबड्या टोपपदराचं रेशमी लुगडं सोबत आणलंस, नवी नवरी म्हणून आलेल्या महानंदाने ते हातात धरून “असलं एक मलाबी घ्या की” असं मला म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर लुगडं गायब. तू म्हणालीस हिनेच लपवलं. ती म्हणाली मी हात लावून जागेवर ठेवलं. तू त्याच पावली एसटीत बसलीस. (विषय काढणार नाही म्हणालो होतो, पण निघालाच आहे तर पूर्ण झालेला बरा.) तर कारखाना आणि तुमचं भांडण, दोघांचा जन्म एकाच महिन्यातला. मला वाटतं कारखान्याची चाळिशी साजरी करावी आणि भांडणाला तिथेच निवृत्त करावं. सरकारी नोकरीत सुद्धा एवढी वर्षं कुणाला ठेवत नाहीत.

हे इतिहासाचं खूळ विरेशचं. पुण्याची एक मोठी कंपनी आपल्याबरोबर भागीदारीत ई-रिक्षाचे टायर करू म्हणते आहे. तिची माणसं रविवारी येणार. विरेश म्हणाला, “अप्पा, आजकाल माल नंतर बघतात, आधी इतिहास बघतात.” मी म्हटलं, आपला इतिहास भट्टीच्या मागे पडलाय, झाडून घ्या. तर तसं चालत नाही म्हणे. तो लिहावा लागतो. म्हणून कॉलेजातून निवृत्त झालेले धोंडिराम सर बोलावले. विद्वान माणूस, चष्म्याला दोरी. त्यांनी पंधरा दिवसांत एकशे दहा पानं आणून दिली. पहिल्या पानावर माणूस दोन पायांवर उभा राहतो. साठाव्या पानावर त्याला चाक सापडतं. शंभराव्या पानावर रबर सापडतं, तेही सातासमुद्रापलीकडे. मी हळूच विचारलं, सर, भवानी पेठ कधी लागते? ते म्हणाले, “इतिहासाला घाई करून चालत नाही, मल्लप्पाशेठ.” मी म्हटलं, इतिहासाला नसेल, पण मांडववाल्याला रविवार सांगितलाय. मग त्यांनी एका परिच्छेदात सातासमुद्रापलीकडून उडी मारली ती थेट आपल्या कडुनिंबाखालच्या पंक्चरच्या दुकानात.

पुढे त्यांनी माझी मुलाखत घेतली. पहिला प्रश्न, प्रेरणा कुठली? मी म्हटलं, बाभळीचा काटा. त्यांनी लिहून घेतलं, ‘ग्रामीण जीवनातील वेदनेने त्यांना अस्वस्थ केले.’ अक्का, मला कसली वेदना? काटा टायरला लागला होता. मी सांगायला गेलो तर म्हणाले, आशय तोच आहे. मग मी माझ्या कानांचं सांगितलं. तुला आठवत असेल, कडुनिंबाखाली सगळे पंक्चरवाले पाण्याचं घमेलं घेऊन बसायचे, मी घमेल्याशिवाय बसायचो. ट्यूब कानाजवळ फिरवली की गळती कुठे आहे ते ऐकू यायचं. लोक सायकल नसताना बघायला यायचे. (एकदा ट्यूबला लावलेलं सुलेशन, म्हणजे रबर चिकटवायचं रसायन, ओलं असताना मी तिला कान लावला. पुढचा अर्धा तास कान माझा होता पण ट्यूब गिऱ्हाइकाची होती, आणि गिऱ्हाईक घाईत होतं.) हे सरांनी पुस्तकात घातलं नाही. म्हणाले, संस्थापकाच्या कानाला ट्यूब शोभत नाही.

खरा इतिहास तुला माहीत आहे, पण रविवारी कुणी विचारलं तर तुझं-माझं एक असावं म्हणून लिहितो. उसाच्या बैलगाड्यांना रबरी टायर आले तेव्हा गाडीवान खूश झाले आणि बाभळी त्याहून खूश झाल्या. दर कोसाला काटा. काटा आत गेला तरी हवा बाहेर येऊ नये यावर मी सहा महिने डोकं चालवलं. एके दिवशी महानंदा फुगलेली भाकरी दाबून वाफ काढत होती, तिच्याकडे बघताना सुचलं, हवा आत ठेवलीच नाही तर जाईल कुठली? झालं. टायरात हवेऐवजी चिंध्या भरायच्या. सोलापुरात चिंध्यांना काय तोटा? पेठेत घरोघरी माग, मागामागे कातरणींचे ढीग. चिंध्या सुलेशनमध्ये बुडवायच्या, टायरात ठासून भरायच्या, साच्यात घालून भट्टीत शेकायच्या. तेव्हा घर आणि कारखाना एकाच खोलीत होता. एका भिंतीला महानंदाची चूल, समोरच्या भिंतीला माझी भट्टी. ती भाकरी शेकायची, मी टायर शेकायचो, आणि दोन्हींना वास एकच यायचा. पहिली जोडी तयार झाली ती मी विकली नाही, दिवाळीला भाऊबीजेला तुला ओवाळणी म्हणून घातली. ताटात बसेना म्हणून तू ताट टायरात ठेवलंस. त्या जोडीतला उजवा टायर आठ वर्षांनी गेला. डावा अजून आहे. दाजींनी गाडी मोडली, बैल विकले, ट्रॅक्टर घेतला, ट्रॅक्टर विकला, तरी डावा टायर तसाच. हल्ली तू त्याच्यावर बसून ज्वारी निवडतेस म्हणे.

आता मधले शोध. सरांनी यांना ‘नवप्रवर्तनाचे सुवर्णयुग’ असं नाव दिलंय, म्हणजे जे जे फसलं ते सगळं त्यात येतं. ब्याण्णव साली मी रंगीत टायर काढला. बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, तर चाकं काळी का, असा माझा सरळ हिशेब. हिरवा टायर काढला. दिसायला देखणा. पण दवात भिजला की त्याचा रंग रस्त्याला लागायचा. अक्कलकोटकडचा तिप्पण्णा गाडीवान पहिला गिऱ्हाईक. तो मालाची गाडी घेऊन बाजारला म्हणून गेला, आणि त्याच्या बायकोने दाराबाहेर बघितलं तर दोन हिरव्या रेघा बाजाराकडे न जाता उलट्या दिशेला गेलेल्या. बाई रेघा धरून चालत निघाली ती थेट ताडीच्या दुकानाच्या मागच्या अंगणात. तिप्पण्णा दुसऱ्या दिवशी टायर परत करायला आला. त्याच दुपारी त्याच्या गावच्या सात बायका हिरवे टायर मागायला आल्या. नवरा मात्र एकसुद्धा आला नाही, आणि टायर शेवटी गाडीवानच बसवणार ना. रंगीत टायर बंद.

मग अठ्ठ्याण्णव सालचा आवाजाचा टायर. तक्रार अशी होती की लोखंडी धावेची गाडी लांबून खडखडायची, घरात कळायचं मालक आले, चहा टाका. रबरी टायरची गाडी चोरासारखी येते, मालक दारात आणि घरात चहाचा पत्ता नाही. मी टायरवर अशा खाचा पाडल्या की चाक फिरलं की घुमून आवाज यावा. महिनाभर कानाने सूर लावत होतो. शेवटी झकास भरदार आवाज बसला. माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्याला चाळीस गाड्यांना टायर दिले. पहिल्याच सकाळी निरोप आला, ताबडतोब या. जाऊन बघतो तर उसाच्या गाड्यांची रांग दोन कोस मागे, आणि प्रत्येक गाडी पाच पावलं चालते आणि थांबते, पाच पावलं चालते आणि थांबते. गाडीवान कंटाळून खाली उतरून ऊस खात बसलेले. मी वाकून एका चाकापाशी कान नेला. चाक “होऽऽ… होऽऽ” म्हणत होतं. अक्का, बैलाला थांबवायला आपण काय म्हणतो? गुणी जनावरं बिचारी. मागून होऽ आलं की थांबायची, थांबली की आवाज बंद, आवाज बंद की चालायची, चालली की परत होऽ. एक म्हातारा गाडीवान मला म्हणाला, “शेठ, टायर लई भारी हाय. फक्त बैल बहिरं पायजेत.” तेही मी दोन दिवस शोधले. मिळाले नाहीत.

हे सगळं असूनही कारखाना चालला तो भरीव टायरवरच, आणि आता मुख्य गोष्ट. चाळीस वर्षांत आपण हजारो भरीव टायर केले, पण तुझ्या अंगणातल्या त्या डाव्या टायरसारखा एकही पुन्हा झाला नाही. बाकीचे आठ वर्षांत, दहा वर्षांत बसतात, तो बसत नाही. आपल्या चिंध्यांच्या विभागात पंचवीस वर्षं काम केलेल्या मीनाबाईचा मुलगा बुद्धभूषण रबराचं शास्त्र शिकून आला आणि आता आपल्याकडे मोठा इंजिनिअर आहे. हुशार, शांत, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. त्याने या डाव्या टायरचा ध्यास घेतलाय. आम्ही काय काय भरून बघितलं नाही? काथ्या भरला, गोणपाट भरलं, चादरी भरल्या, टॉवेल भरले, एकदा कडबा भरला (तो टायर बैलांनी खाल्ला). मीनाबाईला विचारलं, ती म्हणाली मी तवा नव्हते. मला विचारलं, मी म्हटलं वय झालं, आठवत नाही. परवा मी माझ्या खोलीत पेपर वाचत होतो. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बुद्धभूषण विरेशला म्हणत होता, “त्या टायरात काईतरी वेगळं हाय. तसलं काई भरल्याशिवाय असं हुत नाही. कापून बघितला की कळंल.” भिंत पातळ आहे आणि माझे कान तुला माहीत आहेत. पेपर माझ्या हातून खाली पडला. (उचलायला दोन माणसं.)

तर रविवारचा कार्यक्रम असा. तुझ्या आणि महानंदाच्या हस्ते फीत. मग धोंडिराम सरांचं भाषण (माणूस दोन पायांवर उभा राहतो तिथून). मग स्टेजवर तो डावा टायर ठेवायचा आणि बुद्धभूषणने पुण्याच्या पाहुण्यांसमोर, चारशे माणसांसमोर, यंत्राच्या करवतीने तो मधोमध कापायचा. आत काय आहे ते कॅमेऱ्याने मोठ्या पडद्यावर दाखवायचं. मग ते दोन अर्धे भाग काचेच्या पेटीत, खाली पाटी, ‘मल्लकाशीचं गुपित’. विरेशने निमंत्रणपत्रिकेवर हेच छापलंय. टायर न्यायला तो गुरुवारी सकाळी टेम्पो घेऊन वैरागला येईल. तरी टायर धुऊन तयार ठेवावा आणि त्याच्याबरोबर द्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. ज्वारी निवडायला तुला एक चांगली खुर्ची पाठवतो, गादीची.

तू ये, अक्का. तुझ्या नावाशिवाय कारखान्याचं अर्धं नावसुद्धा होत नाही. दाजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, म्हशीला जे काही योग्य असेल ते. थांबतो.

तुझा धाकटा,
मल्लप्पा

ता. क. १ – वरचं सगळं विरेशने तपासून दिलं. कार्यक्रमाची माहिती बरोबर आहे का ते बघायचं होतं त्याला. “अप्पा, लई लांब झालंय” एवढं बोलून तो कारखान्यात गेला. आता खालचं फक्त तुझ्यासाठी. अक्का, टायर देऊ नकोस. गुरुवारी विरेश आला की सांग, टायर हरवला. सांग, म्हशीने गिळला. सांग, दाजी त्याच्यावर बसल्याशिवाय औषध घेत नाहीत. तुला जे सुचेल ते सांग, पण तो टायर त्या करवतीखाली जाऊ देऊ नकोस. वर मी जी जाहीर विनंती केली आहे ती जाहीरच समज. खरी विनंती ही आहे. हे पत्र पोस्टाने न टाकता वैरागच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे टेम्पोच्या आधी पोचेल.

ता. क. २ – का, असं तू विचारशीलच. तू लहानपणापासून विचारतेस. तर ऐक, आणि ऐकताना बसून ऐक, पण त्या टायरवर बसू नकोस. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिली जोडी भरत होतो. उजवा भरून झाला. डावा भरता भरता चिंध्या हातभर कमी पडल्या. भट्टी तापलेली, सुलेशन सुकायला लागलेलं, बाहेर माग बंद, पंचमीच्या सुट्टीने पेठेत चिंधी मिळेना. फळीवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. मी समजलो मागवाल्याने ठेवलेली कातरण. एका घरात चूल, भट्टी आणि संसार असला की फळीवर काय कशाचं ते कळत नाही. गाठ न सोडताच मी ते घडीसकट सुलेशनमध्ये बुडवलं आणि डाव्या टायरात ठासलं. छान बसलं. इतकं छान बसलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तू संध्याकाळी लुगडं शोधायला लागलीस आणि म्हणालीस, “धोतराच्या फडक्यात बांधून फळीवर ठेवलं होतं.” तेव्हा टायर भट्टीत होता. मी तोंड उघडलं होतं, अक्का, खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात तू महानंदाचं नाव घेतलंस, ती रडायला लागली, तू पिशवी उचललीस, आणि मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. ते आज उघडतोय.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने लक्षात घे. लुगडं मी ठेवून घेतलं नाही. त्याच दिवाळीला भाऊबीजेला मी ते तुला परत केलं, सव्याज, वर रबर लावून. तेव्हापासून ते तुझ्याच घरी आहे. तू त्याच्यावर बसून बार्शीच्या बाजाराला गेलीस, लेकीच्या लग्नाचा बस्ता घेऊन आलीस, आणि वाटभर दाजींना सांगत राहिलीस की मल्लप्पाच्या बायकोने तुझं लुगडं चोरलं. कारखान्याला अर्धं नाव तुझं दिलं तेव्हा लोक म्हणाले, बहिणीवर काय माया आहे. माया होतीच. पण बाकीचं अर्धं लुगडं होतं. आणि बुद्धभूषण म्हणतो ते गुपित हेच. टायर टिकायचा तर त्यात नऊ वारी रेशमी इरकल घालावी लागते. हे पुण्याच्या कंपनीला कोणत्या तोंडाने सांगू? आणि करवत फिरल्यावर चारशे माणसांसमोर मोठ्या पडद्यावर हिरवं लुगडं निघालं, तर तुझ्या शेजारी बसलेल्या महानंदाकडे मी कोणत्या तोंडाने बघू? चाळीस वर्षं ती माझ्या चोरीची चोर झाली आणि मी तिच्या हातची भाकरी खात राहिलो. म्हणून टायर देऊ नकोस. रविवार एकदा जाऊ दे, मग मी तिला माझ्या तोंडाने सांगेन. तारीख तू म्हणशील ती.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायला डिंक मागायला आत गेलो. महानंदा कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, “काय लिवलंय एवढं?” मी म्हटलं, कार्यक्रमाची माहिती. ती म्हणाली, “लुगड्याचं लिवलं का?” अक्का, मी फळीवर डिंक शोधायला लागलो. मी म्हटलं, कसलं लुगडं? ती म्हणाली, “टायरातलं.” साच्यातून टायर काढला तेव्हा मी हातपाय धुवायला मागे गेलो होतो आणि कडेला दोन बोटं तांबडा पदर बाहेर आला होता. तिने तो कात्रीने कापला आणि डब्यात ठेवला. तेव्हापासून तिला माहीत आहे. मी विचारलं, मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, “बोलले असते तर अक्का माझ्याशी बोलल्या असत्या, आन् तुमच्याशी बोलायच्या थांबल्या असत्या. मला चार बहिणी हायत. तुमाला एकच हाय की.” आणि परत कणीक मळायला लागली.

सुईएवढ्या भोकातली हवा ऐकणारा माणूस मी. समोरच्या भिंतीला चूल होती, आणि तिथलं हे गप्प बसणं माझ्या कानांना एकदाही ऐकू आलं नाही. कानांची बढाई मी वर मारली आहे, ती खोडून टाक. पेनाने खोड, जोरात.

ता. क. ४ – कागदाच्या घडीत तांबड्या रेशमाचा दोन बोटं तुकडा आहे, तो पडू देऊ नकोस. तो महानंदाने घातलाय. शिवाय तिने ठरवलंय की टायर गुरुवारी विरेशबरोबर यायचा आणि रविवारी स्टेजवर कापायचाच, कारण इतिहास म्हणजे इतिहास. बुद्धभूषणला मी आत्ताच सगळं सांगून आलो. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, “शेठ, पदर आतल्या बाजूला होता की बाहेरच्या?” धोंडिराम सरांना अजून सांगितलं नाही, नाहीतर ते हातमागाच्या उगमापासून परत सुरुवात करतील.

तेव्हा ता. क. एकमध्ये जे लिहिलंय ते रद्द. म्हशीचं नाव घेऊ नकोस. आणि तू रविवारी नको, शनिवारीच ये. महानंदा म्हणते, चाळीस वर्षांपूर्वी “असलं एक मलाबी घ्या की” म्हटलं होतं, ते अजून यायचंय. म्हणून शनिवारी दोन इरकली लुगडी घ्यायची आहेत, एक तुला, एक तिला. दुकानात तुम्ही दोघींनी जायचं आहे, खांब मध्ये न घेता. मला बरोबर नेणार नाही असं तिने आत्ताच सांगितलंय. घडी केलेलं लुगडं माझ्या हातात द्यायचं नाही, असं या घरात आजपासून ठरलं.